सुकती मागे फिरत नाही

१६ नोव्हेंबर, कार्तिक वद्य द्वादशी

हर्षद,

तू माझा नंबर बंद केला आहेस. पत्र बंद करता येत नाही. फार तर न वाचता ठेवून देता येतं. हे ठेवू नकोस. जुनं भांडण उकरायला लिहीत नाही. सानवीबद्दल लिहिते आहे.

सुकतीच्या चित्रकथेचा नवा अंक आला. नेहमीसारखं स्टुडिओचं पाकीट, वर तुझ्या अक्षरात तुझ्या मुलीचं नाव. ती शाळेतून आली, दप्तर न उतरवता ओटीवर बसली आणि वाचायला लागली. मी चहा केला. तिचा चहा निवला. ती शेवटच्या जोडपानावर थांबली होती.

"आत्या, बाबा हे बघून काढतो का?"

"काय बघून?"

"पाणी असं थांबतं ते."

"बाबा मनाने काढतो. तुला माहीत आहे."

"सुकतीचं तोंड तर बघून काढतो," ती म्हणाली आणि भुवईवरच्या खुणेवर बोट ठेवलं. स्वतःच्या.

लहानपणी जांभ्याच्या पायरीवर पडली होती, तेव्हाची खूण. आता सुकतीलाही आहे, त्याच भुवईत, तशीच तिरपी. तू का काढलीस ते मला कळतं. दोन वर्षं तू इकडे फिरकला नाहीस. ज्याला भेटायला जात नाही त्याचं तोंड हात काढत राहतो. पण तिला ते असं कळलेलं नाही. तिला वाटतं, तू तिला काहीतरी सांगतो आहेस.

ती क्लासला गेल्यावर मी ते पान बघितलं. खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर सुकती उभी आहे. निळा सूट, बूट, आखूड कापलेले केस. भरतीचं पाणी तिच्या छातीपर्यंत चढलेलं. तिने हात वर केला आहे आणि समुद्र थांबला आहे. ती समुद्राला म्हणते, "आता तू मागे फिर."

चित्र सुंदर आहे. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे ताईला मत्सर आहे असं तुला म्हणता येणार नाही. आणि तो दांडा आपला आहे, आपल्या घराखालचा. बाजूचा काळा खडकसुद्धा तू जागच्या जागी ठेवलास.

मला विचारायचं आहे ते एवढंच. वरची पट्टी कुठे गेली?

सुकती पहिल्यांदा आली ती माझ्या शाळेच्या भित्तिपत्रकात. शब्द माझे, चित्रं तुझी. परकर-पोलक्यातली नऊ वर्षांची पोर, काखेत टोपली. ओहोटीला आपल्याकडे सुकती म्हणतात म्हणून तिचं नाव सुकती. पाणी ओसरलं की समुद्र तिला वाट द्यायचा. ती तळावर चालत जायची, हरवलेलं घेऊन यायची, अडकलेल्याला सोडवायची. पाणी फिरायच्या आत तिला परत यावं लागे. एवढी एकच अट. मासिकात गेली तेव्हा ती चौदा वर्षांची झाली, गणवेशात आली आणि तिचं पाऊल वाळूत उमटेनासं झालं. पुस्तकं निघाली तेव्हा तू तिला जाळ्याच्या तुकड्याचा मुखवटा दिलास. पण दर वेळी पहिल्या पानावर पट्टी असायचीच. आज तिथी कोणती, भरती केव्हा, ओहोटी केव्हा. अप्पांनी आपल्याला शिकवलं तसं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. किनाऱ्यावरच्या पोरी ती पट्टी वाचून शिंपल्या काढायला जायच्या.

मुंबईत तिला बूट मिळाले, मुखवटा गेला आणि पट्टीही गेली. शहरातल्या मुलांना तिथी कळत नाही, हे तुझ्या लोकांचं म्हणणं मला ठाऊक आहे. तू तेव्हा म्हणाला होतास, "ताई, तुझी सुकती सारखी परत फिरते. मुलींनी किती दिवस परत फिरायचं?" मला उत्तर सुचलं नव्हतं. अजून सुचलेलं नाही.

पण काल सानवीच्या सलवारीवर गुडघ्यापर्यंत मिठाचे पांढरे डाग होते. तिला शिंपल्या आवडत नाहीत. पाण्यात जायचं तिला कारण नाही.

पुढच्या अंकात पट्टी परत आण. तेवढं कर.

ताई


२५ नोव्हेंबर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

हर्षद,

तुझं उत्तर नाही.

सानवीने वेणी कापली. न्हाणीघरातून बाहेर आली ती वेणी हातात लोंबती धरून, शेपटीला धरून मासा आणतात तशी. म्हणाली, "ही ठेवायची की टाकायची?" मी घेतली आणि वेदिकाच्या ट्रंकेत ठेवली. हिची आई गेली तेव्हा ही पाच वर्षांची होती. मुंबईत बरी खोली मिळाली की नेतो, असं तू म्हणाला होतास. ती आता तेरा वर्षांची आहे. मी तुला खोलीबद्दल कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही.

केस वेडेवाकडे कापले होते. खुर्ची अंगणात घेऊन मी सारखे करायला बसले.

"शाळेत काय सांगशील?"

"काही नाही. त्यांना कळेल."

"काय कळेल?"

"आत्या, मान हलवू नको म्हणतेस आणि वर बोलायला लावतेस."

मला हसू आलं. मग तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि माझी कात्री थांबली. समोर तुझं पान होतं.

गेल्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती. तो अंक मी बंबात घातला. तिला सांगितलं, सापडत नाही. तिने शोधला नाही, त्रागा केला नाही. दुसऱ्या दिवशी ते जोडपान तिने स्वतः काढलं, नुसतं आठवून. तिचा हात तुझाच आहे. खडक बरोबर, पाणी बरोबर. फरक दोन. तिच्या सुकतीच्या अंगात सूट नाही, शाळेचा गणवेश आहे. आणि मागे किनाऱ्यावर एक माणूस उभा आहे. खांद्याला पिशवी, किंचित पोक. तू चित्रं घेऊन एस.टी.तून उतरायचास तसा.

मी विचारलं, "हा कोण?"

"बघणारा," म्हणाली.

खालच्या वाडीतली मालन सकाळी शिंपल्या घेऊन आली होती. टोपली उतरवायच्या आधी म्हणाली, "बाई, तुमची पोर सांजची दांड्यावर असते, तुमाला ठावं हाय ना?"

"काय करते?"

"काय करते म्हंजे? उभी ऱ्हाते. मी म्हनलं, बाय, शिंपल्या काढायला येतंस तर फावडी आन. तर म्हनते, काकी, मला दुसरं काम हाय."

मालन हसत होती. मीही हसले, तिच्यासमोर. ती गेल्यावर मी सानवीच्या पावलांची वाट बघत दारात उभी राहिले. आता रोज उभी राहते. शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये थांबत नाही. वर्गात शिकवताना खिडकीतून समुद्राचा आवाज येतो तेव्हा वाक्य तुटतं आणि मुलं माझ्याकडे बघत राहतात.

मला भीती वाटते आहे. हा शब्द मी तुला याआधी कधी लिहिलेला नाही.

ताई


२९ नोव्हेंबर, मार्गशीर्ष शुद्ध नवमी

हर्षद,

ती जिवंत आहे. घरात आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

काल शाळेत बैठक होती. मला उशीर झाला. मी फाटकाशी पोचते तोच मालनची धाकटी, तुळसा, चढण चढून धावत आली. नऊ वर्षांची आहे. धापा टाकत होती आणि तिचं तोंड फुललं होतं. "बाई, बाई, सानवीताईनं पानी थांबवलान!"

मी कशी उतरले ते आठवत नाही. चप्पल वाटेत राहिली.

सूर्य टेकला होता. सानवी दांड्यावर होती. दांडा दिसत नव्हता, तीच दिसत होती, छातीपासून वर. हात वर केलेला. मालन कमरेपर्यंत पाण्यात शिरून तिला हाका मारत होती. सानवी वळून बघत नव्हती. मला पोहता येत नाही, तुला माहीत आहे. मी पाण्यात शिरले. पाणी गुडघ्याला लागलं, मांडीला लागलं, आणि मला फक्त तिचे कापलेले केस दिसत होते. मी हाक मारली असेन.

मग पाणी चढायचं थांबलं. खरंच थांबलं, हर्षद. थोडा वेळ जागीच डुलत राहिलं. आणि उतरायला लागलं.

ती सावकाश चालत बाहेर आली. ओठ निळे, दात वाजत होते. ती हसत होती.

मालन तिच्यावर ओरडली, "पोर हाय की खांब हाय? हाका मारून माझा गळा गेला! पानी छातीला लागलं तरी हलंना!"

"पण काकी, थांबलं ना?"

"दर्या बायकांचं ऐकनारा असता तर माझा घरवाला कधी वेळेवर घरी नसता आला? चल, अंग पूस आधी!"

घरी आणलं. गरम पाणी दिलं. मी तिला मारलं नाही, रागावले नाही. शिकवायला बसले. मला दुसरं काय येतं? म्हटलं, आज अष्टमी. अष्टमी-नवमीला पाणी भांगाचं असतं, थोडंच चढतं आणि वळतं. पौर्णिमेला, अमावास्येला उधाण असतं. तेव्हा त्याच जागी तुझ्या डोक्यावर पाणी असेल. तू नसतीस तरी आज ते तिथेच वळलं असतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. वर्गात हुशार मुलगी ऐकते तसं.

"मग बरोबर छातीशीच कसं वळलं? गळ्याशी का नाही? कमरेशी का नाही?"

"योगायोग."

"चित्रात पण छातीशीच आहे."

"तोही योगायोग."

"बाबा मनाने काढतो म्हणालीस. मग हे त्याच्या मनात आधीच कसं होतं?"

मी पंच्याने तिचे केस पुसत राहिले. तुझ्या पट्टीवर नुसतं 'अष्टमी' एवढं असतं तर तिने स्वतः हिशेब केला असता. तिला पाऊणपट येते. तिला वाटतं, ते सगळं जुन्या सुकतीसाठी होतं. नव्या सुकतीला तिथी लागत नाही.

तिला फोन कर. साध्या शब्दांत सांग की पाणी थांबत नाही, ते मी बनवून काढलं. माझ्याकडून ते तिला पटत नाही. तू काढलंस, तूच सांग.

ती पंचांग बघते आहे. आताच, हे लिहिताना. बोट पौर्णिमेवर आहे.

ताई


१ डिसेंबर, एकादशी

हर्षद,

एस.टी.च्या कंडक्टरकडे दिलेलं पत्र तुला मिळालं आणि काल तू फोन केलास. तिच्या फोनवर केलास, माझ्या नाही, तरी मी आभार मानायला तयार होते. ती ओटीवर येरझाऱ्या घालत बोलत होती आणि मी आत तांदूळ निवडत सगळं ऐकत होते. तुझा आवाज मोठा आहे, पहिल्यापासून.

"हो. छातीपर्यंत. मग थांबलं."

तू हसलास.

"मालनकाकीने पण बघितलं. आत्याने पण."

तू म्हणालास, "वा गं माझी सुकती!"

मी तांदूळ निवडायची थांबले.

मग तू म्हणालास, "पण असं परत करायचं नाही हं." त्या आवाजात म्हणालास, ज्या आवाजात तू लहानपणी अप्पांच्या डब्यातला लाडू खाऊन झाल्यावर मला म्हणायचास, ताई, सांगायचं नाही हं. फोन ठेवून ती आत आली.

"बाबा काय म्हणाला?"

"परत करायचं नाही म्हणाला."

"मग?"

"'हं' लावलान पुढे. बाबा 'हं' लावतो तेव्हा चालतं."

तू मुंबईत असलास तरी तिला तुझा आवाज पाठ आहे. माझ्यापेक्षा चांगला.

मला वाटतं तू घाबरला होतास आणि घाबरलास की तू हसतोस. वेदिकाच्या रिपोर्टच्या वेळी तू असाच हसला होतास, डॉक्टरांच्या समोर. मला ते माहीत आहे. तिला नाही. तिने फक्त हसणं ऐकलं.

तुळसाने वाडीतल्या पोरींना सगळं सांगितलं आहे. काल संध्याकाळी फाटकाबाहेर पाच-सहा जणी उभ्या होत्या. एकीने वेणी कापली होती. मी विचारलं, काय गं, काय हवं? तर म्हणाल्या, काही नाही, सानवीताईला बघायला आलो.

मी ठरवलं आहे ते सांगते. गुरुवारी पौर्णिमा. मी रजा टाकली आहे, तिलाही घरी ठेवणार आहे. कोंडून ठेवणार नाही. कोंडलेली मुलगी खिडकीतून जाते आणि तेव्हा आपण सोबत नसतो. मी तिला उधाण दाखवणार आहे. आदल्या दिवशी ओहोटीला, जिथे ती उभी होती तिथे, तिच्या उंचीची काठी रोवायची. टोकाला लाल चिंधी. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर उभं राहून बघायचं की काठीचं काय होतं. मालन मदत करणार आहे. डोळ्यांनी बघितलेलं ती नाकारणार नाही, एवढी ती शहाणी आहे.

तूही काहीतरी कर. जे तुला येतं ते. सुकतीला एकदा परत फिरव.

ताई


४ डिसेंबर, मार्गशीर्ष पौर्णिमा

हर्षद,

काल दुपारी तिच्या फोनवर तुझं चित्र आलं. पत्र मिळाल्याबरोबर काढलं असणार, रेघांवरून कळतं. नुसती पेन्सिल. सुकती दांड्यावरून किनाऱ्याकडे पळते आहे, मागे लाट. खाली तू लिहिलंस, "पाणी कुणासाठी थांबत नाही." मी ते वाचलं आणि देव्हाऱ्यासमोर बसले. खूप दिवसांनी बसले.

सानवीने चित्र बोटांनी मोठं केलं. बराच वेळ बघितलं. म्हणाली, "हे तू सांगितलंस म्हणून काढलंय त्याने."

"कशावरून?"

"ही मी नाही. भुवईवर खूण नाही."

मी पुन्हा बघितलं. नव्हती. ती पळणारी मुलगी दुसरीच कुणीतरी होती. तुझ्या हाताला तिचं तोंड घाबरलेलं काढवलं नाही, असं मी समजते. मी तुला दोष देत नाही. मलाही काढवलं नसतं.

ओहोटीला आम्ही दांड्यावर गेलो. जागा तिनेच दाखवली. मालनने बांबू खोल रोवला, भोवती दगड रचले. सानवी त्याला पाठ लावून उभी राहिली आणि मी डोक्याच्या वर खूण करून चिंधी बांधली. तुळसा भोवती नाचत होती. सगळं सहलीसारखं चाललं होतं.

आज सकाळी पाणी चढायला लागल्यावर धक्क्यावर गेलो. आम्ही चौघी. वर दत्तजयंतीचे लाउडस्पीकर लागले होते. मी ओढणीचं एक टोक तिच्या मनगटाला बांधलं, दुसरं माझ्या.

"मी गाय आहे का, आत्या?"

"मी घाबरट आहे, म्हणून," मी म्हटलं. तिने गाठ नीट करून दिली.

पाणी येताना दिसत नाही. आपण दुसरीकडे बघतो आणि परत बघतो तर खडकाचा पाय गेलेला असतो. मग दांड्याची शेपटी गेली. मग दांडा. काठी पाण्यात उभी राहिली. तिच्या गुडघ्याएवढं, कमरेएवढं. छातीएवढं झालं तेव्हा सानवीने श्वास धरला. मला तिच्या मनगटातून कळलं. पाणी तिथे थांबलं नाही. गळ्याशी आलं. हनुवटीशी आलं. चिंधी भिजली, एकदा वर आली, पुन्हा भिजली.

तुळसा ओरडली, "ताई, काठी बुडली! थांबव ना! जा ना खाली!"

आणि सानवीने ओढ घेतली. मुद्दाम नसेल. अंग पुढे गेलं तिचं. गाठ आवळली, मी गुडघ्यावर आपटले, धक्क्याच्या कडेशी मालनने मागून तिची कंबर पकडली. मालन हसत नव्हती आता. तिने तुळसाच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "मेले, कुनाला जा म्हंतंस? आं? कुनाला?" तुळसा रडायला लागली.

मी परत बघितलं तेव्हा काठी नव्हती. लाल काही नव्हतं. सपाट पाणी होतं, त्यावर ऊन. तिच्या डोक्यावर हातभर पाणी असेल तिथे. मला वाटलं, झालं. दिसलं तिला. मनात मी तुला हे पत्र लिहायला घेतलं होतं, आणि त्यात लिहिलं होतं की संपलं.

मी तिला म्हटलं, "बघितलंस?"

"हो."

"मग?"

ती पाण्याकडेच बघत होती. अगदी शांतपणे, मला समजावल्यासारखं म्हणाली, "तिथे काठी होती, आत्या. मी नव्हते."

हर्षद, मी सत्तावीस वर्षं मुलांना शिकवते आहे. या वाक्याला माझ्याकडे काही नाही. काठीच्या जागी तिला उभं केल्याशिवाय तिला खोटं पाडता येत नाही. आणि ती ते जाणते.

आता दुपार आहे. ती माझ्यासमोर जेवते आहे. आमटी-भात दोनदा घेतला. मी कुणाला लिहिते आहे ते तिला माहीत आहे. तिने मान वर न करता विचारलं, "बाबाला?"

"हो."

"त्याला लिही, अमावास्येला ये म्हणावं. एकोणीस तारखेला. मी दाखवते. फोनवरून नाही कळत."

मी विचारलं, "आणि तो आधीच आला तर? नुसता भेटायला? तर नाही ना जाणार पाण्यात?"

तिने घास थांबवला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ती मला लहान दिसली. "येईल का?" म्हणाली.

मी हो म्हणाले नाही. मी तिला खोटं सांगत नाही.

मग ती म्हणाली, "आला तर त्याला बघायचंच असेल ना."

म्हणून हे असं आहे. तू आलास तर ती तुला दाखवायला पाण्यात जाईल. नाही आलास तर तू यावास म्हणून जाईल. तू येण्यात काही सुरक्षित आहे असं मी तुला लिहू शकत नाही. मी जागेवरून उठले की तिच्या खोलीचं दार बघते, दारावरून पायऱ्या, पायऱ्यांवरून खालची वाट. अमावास्येनंतर पौर्णिमा आहे. तिच्यानंतर पुन्हा अमावास्या.

तरी ये. चित्र आणू नकोस, पिशवी आणू नकोस. हात मोकळे ठेवून ये. ती तुझ्याएवढी उंच होत चालली आहे आणि आज माझ्या एकटीच्या हाताने ती धरली गेली नाही.

ताई